वॉर्डमधल्या स्टाफला शिकवायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

नर्स एज्युकेटर झालात, अभिनंदन ताई, वॉर्डमधल्या सिस्टरांना शिकवायची जबाबदारी मोठी आहे पण जमेल तुम्हाला. सगळ्यात आधी पीपीटी, म्हणजे स्लाइड्स, बाजूला ठेवा. नवीन एज्युकेटर हमखास हेच करतात, दोन तासांचं लेक्चर ठेवतात, नाइट करून आलेल्या सिस्टर डुलक्या काढत बसतात आणि रजिस्टरवर सह्या झाल्या की ट्रेनिंग झालं. त्यापेक्षा शिफ्ट बदलताना बेडजवळ दहा मिनिटं आणि एकच विषय.

सुरुवातीला दोनच गोष्टी धरा:

- श्वास मोजणं. चार्टवर सगळ्याच पेशंटचा श्वासाचा रेट मिनिटाला २० दिसला तर समजा कुणी मोजतच नाहीये. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजायला लावा, कारण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो.
- हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवणं. त्यासाठी एसबीएआर (SBAR) पद्धत, म्हणजे आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, काय करायला हवं, याच क्रमाने बोलायचं.

समजलं का असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात, करून दाखवायला सांगा. आणि चुकलं तर चारचौघांत बोलू नका हो, एकदा अपमान झाला की पुढची चूक ती लपवणार आणि त्रास पेशंटला होणार. ऑडिट वगैरे नंतर बघू.