पुण्याहून काळा घोडा फेस्टिव्हल कमी खर्चात कसा बघावा?

मुख्य गोष्ट अशी की प्रवेश फुकट आहे, त्यामुळे खर्च फक्त येण्याजाण्याचा, खाण्याचा आणि (जपून!) स्टॉलवरच्या खरेदीचा. १९९९पासून साधारण जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागात हा कला महोत्सव नऊ दिवस चालतो.

सकाळी डेक्कन क्वीनने सीएसएमटीला उतरा. टॅक्सी करू नका, डी. एन. रोडने हुतात्मा चौकातून रमत गमत वीसेक मिनिटांत पोहोचता. येताना-जाताना दोन्ही वेळा डेक्कन क्वीन धरली तर मात्र फसाल. परतीची गाडी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि नाच-गाण्याचे मोठे कार्यक्रम तेव्हा कुठे रंगात यायला लागतात. त्यापेक्षा रात्री दादरहून एसटी पकडा, किंवा मुंबईत कुणी मावशी-आत्या असेल तर मुक्काम ठोका.

शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा. शनिवार-रविवारी रॅम्पार्ट रो या महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर कलाकृती कमी आणि सेल्फी काढणाऱ्यांची डोकी जास्त दिसतात. शिवाय रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तो वेगळाच.

वर्कशॉपच्या जागा मोजक्या असतात, म्हणून वेळापत्रक आलं की लगेच नोंदणी करून टाका. दुपारच्या उन्हात जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा, तिथेही तिकीट नाही. डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेतले साहित्यिक कार्यक्रम माझ्या मते सगळ्यात वसूल.

खायला आसपासच्या कॅफेंच्या वाटेला जाऊ नका. सीएसएमटीसमोरच्या ‘आराम’ या दुकानातला वडापाव खा. पाण्याची बाटली घरूनच.

हस्तकलेच्या स्टॉलवर यूपीआय चालतं, हाच खरा धोका. ठरवलेली रोख रक्कम वेगळी ठेवा.