शिट्टी कुठे वाजायला हवी?

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात खेळते. परवा पंचांनी इतके फाउल दिले की खेळ रंगलाच नाही. एवढं कडक असावं का? (पालक, नेरुळ)

उत्तर : हात लागला म्हणजे फाउल, असं फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियमही म्हणत नाहीत. त्या स्पर्शाने कुणाचा फायदा झाला आणि कुणाचं नुकसान, हे पंचाने बघायचं असतं. ड्रिबल करणारीच्या, म्हणजे चेंडूला टप्पे देत नेणारीच्या, कमरेला बोटं लागली आणि ती त्याच वेगात निघून गेली, तर खेळ चालू द्यावा. हात तिथेच राहिला, तिचा वेग तुटला किंवा वाट बदलली, की लगेच शिट्टी हवी. तरी या वयोगटात मी कडक पंचाच्याच बाजूने आहे. हाताने अडवून काम भागतंय हे कळलं की मुली पाय हलवून बचाव करायला शिकत नाहीत. एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चारपैकी एका भागात) संघाचे मिळून चार फाउल झाल्यावर पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर मारायचे दोन फटके, मिळू लागले की पाय आपोआप हलतात. तो एक सामना रटाळ झाला तरी चालेल.

प्रश्न : टीव्हीवर चालणारं पाऊल माझ्या बाबतीत मात्र ट्रॅव्हल (चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकण्याची चूक) ठरतं. (खेळाडू, कोपरी)

उत्तर : टीव्हीवर एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग बघत असाल तर तिथले नियम वेगळे आहेत. पण चूक पंचाचीही असू शकते. ऑक्टोबर २०१७पासून फिबाच्या नियमानुसार, धावताना चेंडू हातात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत. त्यानंतर दोन पावलं मिळतात. जुन्या पद्धतीने मोजणारे पंच अजून भेटतात. मोजणी बरोबर असेल, तर तिसऱ्या पावलाला सवलत नाही. रेषेवर पडलेल्या पायालाही नाही. तिथे फायदा-तोटा बघायचा प्रश्नच येत नाही. समोरच्यांच्या रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, या नियमाचं तसं नाही. खेळाडू रिंगखालच्या भागातून बाहेर पडायच्या प्रयत्नात असेल, तर नियमच त्याला सूट देतो.

प्रश्न : शेवटच्या मिनिटात पंचांनी शिट्टी आवरावी, निकाल खेळाडूंना लावू द्यावा, असं म्हणतात. तुमचं मत? (प्रशिक्षक, ठाणे)

उत्तर : मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्या मिनिटाला जो फाउल होता, तो एकोणचाळिसाव्या मिनिटालाही फाउलच. शिट्टी वाजली नाही तर निकाल खेळाडू लावत नाहीत, धक्का देणारा लावतो. पंच सैल असो वा कडक, मुलं पहिल्या पाच मिनिटांत त्याचा अंदाज घेतात आणि तसं खेळतात. मग मध्येच माप बदललं की ती गोंधळतात, चिडतात, आणि मारामारी तिथूनच सुरू होते. आपल्याकडे बरेच सामने उघड्या सिमेंटच्या कोर्टवर होतात, आणि पावसाळ्यात ते ओलं राहतं. हवेत असलेल्या खेळाडूला मागून ढकललं, तर घड्याळात किती वेळ उरलाय हे पंचाने बघूच नये.

प्रश्न : निर्णय पटला नाही, तर विचारायचं कुणी? (खेळाडू, ऐरोली)

उत्तर : कर्णधाराने. चेंडू डेड, म्हणजे खेळात नसलेला, आणि घड्याळ थांबलेलं असताना, नीट शब्दांत. बाकावरून आरडाओरडा केलात तर गैरवर्तनाचा टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्यांना एक फ्री थ्रो.