मालवा मिलच्या बाजारात जाशील तेव्हा

अनेक आशीर्वाद.

आपल्या इंदूरच्या मालवा मिल भागातल्या भाजीबाजाराचा सर्व्हे तुझ्याकडे आला, याचा मला मनापासून आनंद झाला. सराफा बाजाराबद्दल सगळेच लिहितात. दिवसा सोनं आणि रात्री तिथेच भुट्ट्याचा कीस, हे पाहुण्यांनाही ठाऊक असतं. मालवा मिलकडे कुणी तसं बघत नाही, म्हणून तू बघ.

ठेले आणि रस्त्याची रुंदी तू मोजशीलच. त्याच कागदावर एक रकाना वाढव: इथे उधारी कोणाकोणाची चालते? आपल्या शहरातली हुकुमचंद कापड मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांना थकबाकी मिळायला २०२३ उजाडलं. मधली वर्षं घरं कशी चालली, ते त्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना विचार. पहिल्या भेटीत कुणी वहीतलं सांगत नाही, तेव्हा पुन्हा जा. पैशांसाठी कोण किती थांबलं, संध्याकाळची उरलेली भाजी कुणाच्या पिशवीत पडली, चार दिवस न दिसलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी कोण जाऊन आलं, सगळं लिही. बाजार उठवला की ठेल्याला दुसरी जागा मिळू शकते. ही ओळख पुन्हा जुळायला एक पिढी जाते, असं माझं मत आहे.

१९९५च्या जुलैत शिकागोत उष्म्याने सातशेहून अधिक माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तिथल्या दोन शेजारच्या वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी राहणारी वृद्ध माणसं. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू झाले, साऊथ लॉनडेलमध्ये ४. दुसऱ्या वस्तीचे रस्ते दुकानांनी आणि वर्दळीने भरलेले होते, त्यामुळे म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे विसरू नकोस.

कायदाही नीट वाच. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे तुझ्या यादीतून सुटलेलं नाव हे कुणाचं तरी पोट आहे. फक्त सकाळी गेलास तर दिवेलागणीला टोपली घेऊन बसणारी बाई तुला दिसणारच नाही. सकाळी, भर दुपारी आणि रात्री आठनंतरही जा. आठवडी सुट्टीच्या दिवशीही एक फेरी मार. यादी वर पाठवण्याआधी त्या बायकांना मोठ्याने वाचून दाखव. कोण राहिलं, ते त्याच सांगतील.