घाट उतरताना डावं पॅडल

प्रश्न : माझी फॉर्च्युनर फोर-बाय-फोर ऑटोमॅटिक आहे. आंबोली घाट उतरताना स्टिअरिंगमागची पॅडल वापरली तर गिअरबॉक्स बिघडेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मुळीच नाही. जरूर वापरा, पण वळणात शिरण्याआधी. डावं पॅडल ओढलं की गिअर खाली येतो, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. मी कुंभार्ली उतरताना गिअरची लिव्हर 'एस'मध्ये, म्हणजे गिअर आपण ठरवायच्या खाचेत टाकतो, मग गाडी आपणहून वरच्या गिअरला पळत नाही. वेगाच्या मानानं फारच खालचा गिअर मागितलात तर गाडी तो घेतच नाही. एक मात्र सांभाळा : नुसत्या इंजिनानं वेग कमी होताना मागचा ब्रेकलाइट लागत नाही. मागे ट्रक असेल तर ब्रेकवर हलका पाय ठेवा. आणि कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोरचा नॉब एच-2 वरच, म्हणजे फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या खुणेवरच हवा.