मुलीला बॅलेसाठी लंडनला पाठवताय, तर तमारा रोहोचं करिअर बघाच

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी १६ ची, लहानपणी कथक, आता पुण्यात बॅले, आणि पुढचं ट्रेनिंग लंडनलाच करायचं म्हणतेय, घरचे मात्र विचारतायत की पस्तिशीत शरीर थकलं की पुढे काय. मी इथे यूकेत फायनान्समध्ये आहे, डान्सर वगैरे नाही, पण पगारातला बराच भाग बॅलेच्या तिकिटांवर उडवते, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.

"पुढे काय" याचं उत्तर म्हणून घरच्यांना बॅले डान्सर तमारा रोहोबद्दल सांगा. जन्म १९७४, माँट्रियल, आईवडील स्पॅनिश, वाढली आणि शिकली माद्रिदला. १९९४ ला पॅरिसच्या स्पर्धेत गोल्ड, १९९६ ला स्कॉटिश बॅले म्हणजे ग्लासगो, पुढच्याच वर्षी लंडनला इंग्लिश नॅशनल बॅले, मग २००० पासून रॉयल बॅलेत प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची डान्सर. म्हणजे तीही बाहेरूनच आलेली. पण मला जास्त भारी वाटतं ते वेगळंच, नाव झालेलं असताना, शो चालू असताना ती युनिव्हर्सिटीत शिकत होती, २०१६ ला पीएचडी झाली आणि विषय काय तर टॉपच्या डान्सरची मानसिकता! शिवाय डायरेक्टर व्हायच्या आधी कॅनडात नॅशनल बॅलेच्या तेव्हाच्या डायरेक्टर कॅरेन केन (त्याही आधी डान्सरच) काम कसं करतात ते त्यांच्यासोबत राहून बघून आली. हे सगळं रिटायर झाल्यावर नाही हं, आधीच.

२०१२ ला इंग्लिश नॅशनल बॅलेची आर्टिस्टिक डायरेक्टर झाली आणि नाचणंही चालूच, म्हणजे आज ज्यांच्यासोबत स्टेजवर उभं राहायचं त्यांचे रोल आणि प्रमोशन पण हिच्याच हातात, विचार करा किती अवघड. कोणते शो घ्यायचे, कोणाला घ्यायचं, देणगीदारांसोबत बसायचं, सरकारी ग्रँट सांभाळायची, सगळं आलं. ही कंपनी १९५० पासून दर वर्षी नटक्रॅकर (ख्रिसमसच्या गोष्टीवरचा बॅले) करते, ख्रिसमसला हाऊसफुल जातो, आपल्याकडे दिवाळी अंक तसं आहे ते, घेतल्याशिवाय सण होत नाही. अशा हक्काच्या शोच्या जोडीला तिने रिस्क घेतली. २०१४ ला कोरिओग्राफर अक्रम खानकडून डस्ट नावाचं बॅले करून घेतलं, स्वतः नाचली, मग २०१६ ला त्याचंच जिझेल, म्हणजे जुन्या प्रसिद्ध बॅलेचं नवं रूप, जुन्या गोष्टीतले गावकरी इथे कपड्याच्या फॅक्टरीतले स्थलांतरित कामगार झाले. अक्रम खान मूळचा कथकवाला, तेव्हा मुलीचं कथक अजिबात बंद करू नका! त्याच वर्षी फक्त बायकांनी कोरिओग्राफ केलेला प्रोग्रॅम लावला, कारण वीस वर्षांत स्वतः तिला एकाही बाईने बसवलेल्या बॅलेत नाचायला मिळालं नव्हतं. २०१९ ला कंपनी अपुऱ्या जुन्या इमारतीतून पूर्व लंडनच्या नव्या जागेत गेली. २०२२ ला रेमोंडा हे जुनं बॅले तिने स्वतः नव्याने बसवलं, आणि वर्षाअखेर सॅन फ्रान्सिस्को बॅलेची डायरेक्टर, तिथली पहिली बाई. म्हणजे पुन्हा सामान बांधून नवा देश.

आता खरं बोलते, डायरेक्टरच्या खुर्च्या मोजक्याच असतात, सगळ्यांना मिळत नाहीत. पण शिकवणं, रिहर्सल घेणं, नोटेशन (स्टेप्स चिन्हांत लिहून ठेवणं), फिजिओ, प्रोड्युसिंग, हे मिळतं, फक्त डोकं आधीपासून तिकडे हवं. म्हणून शाळेला आधीच विचारा की डान्ससोबत ए लेव्हल (इथली बारावी म्हणा) करता येतात का, आणि करायलाच लावा.

शाळांमध्ये रॉयल बॅले स्कूलची अप्पर स्कूल (सोळानंतरची), इंग्लिश नॅशनल बॅले स्कूल, आणि बर्मिंगहॅमची एल्महर्स्ट बघा. सगळीकडे ऑडिशन. परीक्षांच्या सर्टिफिकेटवर फार विसंबू नका, नाचताना कशी दिसते ते बघतात. मुंबईचा अमिरुद्दीन शाह २०१७ ला रॉयल बॅले स्कूलला आला होता, तेव्हा आपल्याकडून होत नाही असं नाही. खर्च मात्र जबर आहे, फी आणि राहणं सोडून स्टुडंट व्हिसाला हेल्थ सरचार्जच वर्षाला ७७६ पाउंड आहे, त्यामुळे स्कॉलरशिपचा अर्ज ऑडिशनसोबतच टाका. नंतर इथे नोकरीसाठी व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी लागते, म्हणून जर्मनीकडेही बघा, तिथे बऱ्याच शहरांच्या सरकारी थिएटरची स्वतःची बॅले कंपनी असते. आणि ऑडिशनचा व्हिडिओ पाठवायच्या आधी तिचे घोटे एखाद्या स्पोर्ट्स फिजिओला दाखवून घ्या.