जुनी पॉलिसी बंद करायच्या आधी हे वाच

अरे, तुझा मेसेज वाचला. लग्न ठरलंय, अंबडला नोकरीही पक्की झालीये, त्यामुळे जुनी एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) बंद करून मोठ्या कव्हरचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) घ्यायचा हा विचार चांगलाच आहे, तुझ्या पगाराच्या मानाने आत्ताचं कव्हर खरंच कमी पडतं. फक्त घाई करू नकोस.

तुझ्या जुन्या पॉलिसीला चार वर्षं झाली ना? मग तिचं एक मोठं काम होऊन गेलंय. विमा कायदा १९३८ चं कलम ४५, त्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, आता तीन वर्षं उलटली की कंपनीला कुठलंच कारण काढून लाइफ पॉलिसीवर शंका घेता येत नाही, फ्रॉडचं सुद्धा नाही. नवीन घेतलीस की ही तीन वर्षं पहिल्यापासून मोजायची. हेल्थ पॉलिसी पोर्ट होते, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येते, आणि वेटिंग पिरियडचं (काही आजारांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळाचं) क्रेडिट सोबत येतं, लाइफला तसली सोय नाही. आणि हप्ते थांबवून जुनी लॅप्स (बंद) होऊ देऊन नंतर रिवाइव्ह (पुन्हा चालू) करू म्हणशील तर तिथेही रिवाइव्हलच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने.

आता नवीन पॉलिसीच्या अर्जाच्या फॉर्मचं ऐक, मला खरी काळजी त्याचीच आहे. कॉलेज रोडला कुठेतरी भेटायचं ठरतं, चहा येईपर्यंत एजंट टॅबवर तब्येतीच्या प्रश्नांना भराभर 'नाही, नाही, नाही' टिक करत जातो, तुझ्या मोबाईलवर ओटीपी येतो, तू तो सांगतोस आणि झालं, ती तुझीच सही. तू बीपीची गोळी घेतोस, अधूनमधून तंबाखूही चालते, हे त्यात आलंच पाहिजे, प्रीमियम वाढला तर वाढू दे. जुन्या पॉलिसीचा नंबरही टाक. तीन वर्षांच्या आत काही झालं तर कंपनी हाच फॉर्म काढून बसणार, आणि उत्तरं द्यायला तू नसशील, तुझी बायको असेल.

मेडिकल होऊन नवीन पॉलिसीचा बॉण्ड (पॉलिसीचा कागद) हातात येईपर्यंत जुन्याचा हप्ता चुकवू नकोस. बॉण्डसोबत फॉर्मची कॉपी येते ती वाच, काही चुकलेलं दिसलं तर लगेच लेखी कळव, फ्री लूकचे, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करायचे, ३० दिवस असतात तुझ्याकडे. आणि जुनीचा हप्ता झेपत असेल तर ती सरेंडर (मुदतीआधी बंद करून पैसे घेणं) करूच नकोस, निदान नवीनची तीन वर्षं होईपर्यंत. बॉण्ड आला की घेऊन ये, आपण दोघं बसून बघू.