कष्टाच्या माणसाचं चित्र काढताना

चि. चित्रकारास,
अनेक आशीर्वाद.

परिचारिका, सफाई कामगार, रखवालदार अशा माणसांची व्यक्तिचित्रं करायचं तू मनावर घेतलंयस, याचा फार आनंद वाटला. फक्त ही माणसं थोर आहेत असं चित्रातून सांगायला जाऊ नकोस. खालून वर पाहणारा कोन, आभाळाकडे लागलेली नजर, डोक्यामागे उजेडाचं वलय, एवढं जमलं की माणूस हरवतो आणि पोस्टर उरतं. त्याचे डोळे तुझ्या डोळ्यांच्या पातळीवर ठेव. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६५० मध्ये रोममध्ये हुआन दे परेहाचं चित्र केलं, तेव्हा परेहा त्याचा गुलाम होता. चित्रात साधी पार्श्वभूमी, पांढरी कॉलर आणि थेट आपल्याकडे रोखलेली नजर, बाकी काही नाही. ते पुरेसं ठरलं.

पहिल्या भेटीत रंग उघडूच नकोस. काम चालू असताना पाच-पाच मिनिटांची आठ-दहा रेखाटनं कर. कधीच न बसलेला माणूस समोर बसला की फोटोसाठीचा चेहरा करतो. त्याच्या कामाबद्दल विचारत राहा, हळूहळू तो चेहरा गळून पडतो आणि हात आपोआप बोलू लागतात. हसू मात्र धरून ठेवायला सांगू नकोस. दोन मिनिटांत ते ओठांवरच गोठतं आणि डोळे थकलेले दिसतात.

बैठक वीस मिनिटांची, मग पाच मिनिटं विश्रांती. उठण्याआधी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा कर. बसल्यावर थोड्याच वेळात माणूस सैलावतो, खांदे उतरतात, पाठ किंचित वाकते. त्याआधीच खांद्यांची रेषा पक्की केलीस तर सगळं चित्र ताठर होतं. आयुष्यभर ओझं उचललेल्या माणसाचा एक खांदा खाली असेल, तर तो सरळ करू नकोस. ओळख बहुतेक वेळा तिथेच असते.

उजेड एकाच खिडकीचा, बाजूने आणि थोडा वरून. दिवे बंद कर, नाहीतर दोन रंगांच्या सावल्या येतात आणि कातडीचा रंग हाती लागत नाही. फोटोची मदत घ्यायचीच तर दोन मीटरवरून काढ. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात.

डोळ्यांची रेषा डोक्याच्या साधारण निम्म्या उंचीवर येते. कवटी विसरली की डोळे वर चढतात, ही नेहमीची चूक. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा असते. पण ही झाली सरासरी. समोरचा माणूस तिच्यापासून कुठे वेगळा आहे ते मोज. डोळे बारीक करून पाहा, मोठ्या छाया आधी बसव, पापण्या शेवटी. खोबणीतली सावली चुकली असेल तर पापण्यांनी काही सावरत नाही. डोळ्यातला पांढरा भाग खरं तर राखाडी असतो, त्यावर वरच्या पापणीची सावली पडते.

सुरुवातीला चारच तैलरंग पुरेत: पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड म्हणजे तांबडा, आणि आयव्हरी ब्लॅक म्हणजे काळा. पांढऱ्यात मिसळलेला काळा पिवळ्या-तांबड्या उबदार रंगांशेजारी निळसर दिसतो. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, पुढच्या थरांत जवसाचं तेल वाढवत जा. उलट केलंस तर वरचा थर आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि रंगाला भेगा पडतात.

हातांना चेहऱ्याइतकाच वेळ दे. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून जवळपास केसांच्या कडेपर्यंत पोचतो. तरी सगळे हात लहानच काढतात. भाजल्याचे व्रण, झिजलेली नखं काढण्याआधी त्यांना विचार. कपड्यांचंही तेच. तुला गणवेश हवा असेल आणि ते ठेवणीतले कपडे घालून आले, तर तेच काढ. आपण जगाला कसं दिसावं हे त्यांनीच ठरवायचं.

चित्र कुठे लावलं जाईल, विकलं जाईल का, हे पहिल्या भेटीतच सांगून लेखी संमती घे. पूर्ण झालं की प्रदर्शनाआधी त्यांना दाखव. चित्र त्यांना द्यायचं असेल तर तैलरंगाला सहा महिने ते वर्षभर वॉर्निश लावता येत नाही हे सांगून ठेव, आणि तोवर ते उन्हापासून दूर, भिंतीला न टेकवता ठेवायला सांग.